काटा लालमध्ये गेल्यावर स्कूटर किती चालते?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शहाद्याहून धडगावच्या वाटेवरच्या शाळेत तुम्ही रोज स्कूटरने जाता, एका बाजूने साधारण चाळीस किलोमीटर, आणि त्यातला बराचसा घाट. गाडी 110 सीसीची, इंजेक्शनवाली, टाकी 5.3 लिटरची. परवा घरी येताना काटा लालच्या जरा वरच होता, तरी घाटात गाडी बंद पडली. मागून येणाऱ्या एका भावाने आपल्या मोटरसायकलच्या नळीतून अर्धा लिटर पेट्रोल काढून दिलं, तेव्हा ती सुरू झाली. मिस्टर म्हणतात लालनंतर चाळीस किलोमीटर बिनघोर जाते, पंपावरचा मुलगा म्हणतो वीस, आणि तुम्ही विचारताय की यातलं खरं कोणतं.

माझं शिरपूरला दुचाकीचं गॅरेज आहे. ‘भाऊ, काटा लालमा ऊना, आते कितली चाली?’ हे मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय, अगदी पंपाच्या रांगेत उभं राहूनही लोक फोन करून विचारतात. दोघांचेही आकडे कुठल्या ना कुठल्या गाडीला लागू असतील. तुमच्या गाडीला कोणता लागू, हे तिसऱ्या माणसाने बसल्या जागेवरून सांगू नये. ते टाकीच्या आकारावर, टाकीत तरंगणाऱ्या फ्लोटवर, चढावर, मागे कोणी बसलंय का यावर ठरतं. पण तुमची खरी अडचण लालनंतरच्या किलोमीटरची नाहीच. सकाळी घरातून निघताना टाकीत नेमकं किती आहे आणि ते जाऊन-येऊन पुरेल का, हे तुम्हाला कळत नाही, ही अडचण आहे. ते कळायला लागलं की लालपर्यंत जायची वेळच येत नाही.

त्याआधी एक शंका दूर करू. काटा लालच्या वर असताना गाडी बंद पडली म्हणजे पेट्रोलच संपलं होतं, असं मी लगेच मानणार नाही. घाट चढताना टाकीतलं पेट्रोल मागे सरकतं, उतरताना पुढे, वळणावर बाजूला. टाकीतला छोटा पंप जिथून पेट्रोल ओढतो ती जागा एकच असते. टाकीत लिटरभर किंवा त्याहून कमी असेल आणि उतार बराच असेल, तर त्या जागेवरून पेट्रोल क्षणभर हटतं, पंप हवा ओढतो आणि इंजिन आचके देऊन बंद पडतं. तीच गाडी सपाटीवर आणून मिनिटभर थांबलं की पुन्हा सुरू होते.

दुसरी शक्यता झाकणाची. टाकीतून जेवढं पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठीचं बारीक छिद्र किंवा नळी आपल्याकडच्या धुळीने बुजली तर आत हवा येत नाही, ओढ बसते आणि पेट्रोल पुढे जायला कुचराई करतं. अशी गाडी बंद पडते तेव्हा लक्षणं सगळी पेट्रोल संपल्यासारखीच असतात. मग कोणीतरी अर्धा लिटर घालायला झाकण उघडतं, आत हवा शिरते, गाडी सुरू होते आणि श्रेय त्या अर्ध्या लिटरला जातं. खरं काम झाकण उघडण्याने केलेलं असतं. झाकण उघडताना ‘फुस्स’ असा आवाज आला होता का, आठवून बघा.

याचा निकाल लावणं सोपं आहे. त्या दिवशी शहाद्यात येऊन टाकी फुल केली असेल, तर पावतीवर किती लिटर आहे ते बघा. टाकी खरंच कोरडी झाली असती तर वाटेत घातलेलं अर्धा लिटर धरून, आणि घरी येईपर्यंत त्यातलं बहुतेक जळून, पाचच्या आसपास लिटर बसायला हवं. साडेतीनच बसलं असेल तर गाडी बंद पडली तेव्हा आत दीड लिटरहून जास्त पेट्रोल होतं. मग किलोमीटरचा हिशेब बाजूला ठेवा आणि आधी झाकण, पंप, वायरिंग दाखवून घ्या. गॅरेजवाल्याला ‘पेट्रोल संपलं होतं’ असं सांगू नका. ‘इतके लिटर शिल्लक असताना बंद पडली’ असं सांगा. तो वेगळ्या जागी हात घालेल.

आता काट्याविषयी. लोक त्याला मोजमाप समजतात, आणि तिथेच फसतात. टाकीत एका दांडीला फ्लोट लावलेला असतो. पेट्रोलबरोबर तो खालीवर होतो आणि दांडीचं दुसरं टोक एका पट्टीवर घासत जाऊन काट्याला इशारा देतं. म्हणजे काटा दाखवतो ती पेट्रोलची उंची, लिटर नव्हे. स्कूटरची टाकी काही चौकोनी डबा नसते. सीटखाली किंवा पायाखाली जागा मिळेल तशी ती बसवलेली असते, कुठे रुंद, कुठे चिंचोळी. त्यात टाकी फुल असताना फ्लोट वर टेकलेला असतो, त्यामुळे पहिलं काही पेट्रोल जळलं तरी काटा हलत नाही. म्हणून तो अर्ध्यापर्यंत आरामात उतरतो आणि अर्ध्यापासून लालपर्यंत झपाझप येतो. जुन्या गाड्यांत ती पट्टी झिजते आणि काटा एका जागी अडकून बसतो. टाकी ठोकली की हलतो.

साइड स्टँडवर, डबल स्टँडवर आणि चढावर हाच काटा तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतो. म्हणून बघायचा तर सपाट जागी, डबल स्टँडवर, चावी ऑन करून मिनिटभर थांबून बघा. घाटात दिसलेल्या काट्यावर कधी निर्णय घेऊ नका.

मिस्टरांचा चाळीसचा आकडा मला जुन्या दिवसांतला वाटतो. जुन्या स्कूटरना आणि मोटरसायकलींना पेट्रोलचा कॉक असायचा. गाडी चालता चालता आचके द्यायची, हात खाली घालून कॉक रिझर्व्हवर फिरवला की पुढचा हिशेब चालू. तो रिझर्व्ह टाकीतच राखून ठेवलेला असायचा, कितीवर सुरू झाला हे चालवणाऱ्याला नेमकं कळायचं, आणि प्रत्येकाला आपल्या गाडीचा आकडा पाठ असायचा. आताच्या स्कूटरला तसा कॉक नाही. लाल पट्टी ही फक्त सूचना आहे, तिच्या मागे राखून ठेवलेलं वेगळं काही नसतं.

तुमच्या गाडीची लाल पट्टी म्हणजे किती लिटर, हे काढायला गाडी कोरडी करायची गरज नाही. काटा लालच्या वरच्या कडेला टेकला की त्या दिवशी सरळ पंपावर जा. गाडी डबल स्टँडवर घ्या, ‘ऑटो कटपर्यंत’ असं सांगा आणि बंदूक पहिल्यांदा आपोआप थांबली की तिथेच थांबवा. समजा 4.1 लिटर बसलं. 5.3 वजा 4.1, म्हणजे लाल लागली तेव्हा आत कागदावर 1.2 लिटर होतं. त्यातून अर्धा लिटर सरळ सोडून द्या, कारण ऑटो कट कंपनीच्या आकड्याआधीच थांबतो आणि तळाचं थोडं पेट्रोल चढउतारावर हाती लागत नाही. उरलं 0.7 लिटर. घाटातलं अ‍ॅव्हरेज 38 धरलं तर सव्वीस-सत्तावीस किलोमीटर, आणि मागे कोणी बसलं असेल तर वीसच धरा. म्हणजे पंपावरचा मुलगा बऱ्यापैकी बरोबर बोलला असं निघेल. पण हा आकडा मी समजण्यासाठी घेतलाय, तुमचा तुम्ही काढा. दोन-तीनदा काढला की पक्का होईल.

अ‍ॅव्हरेजही असंच काढायचं. टाकी ऑटो कटपर्यंत भरा, मीटरवरचा आकडा टिपा. पुढच्या वेळी पुन्हा त्याच पद्धतीने फुल करा. मधले किलोमीटर भागिले या वेळी बसलेले लिटर, एवढंच. शक्यतो तोच पंप ठेवा. गाडीत ट्रिप मीटर असेल तर दर वेळी फुल केल्यावर शून्यावर आणा. नसेल तर पावती मीटरसमोर धरून मोबाइलवर एक फोटो काढा. तारीख, लिटर आणि किलोमीटर एकाच जागी राहतात, वही लागत नाही. फोटो मात्र गाडी पंपाच्या मशीनपासून बाजूला घेऊन काढा.

अ‍ॅव्हरेजचा कोणता आकडा हिशेबाला घ्यायचा, यात बरेच जण गल्लत करतात. शोरूममध्ये सांगितलेला नाही, मित्राच्या गाडीचा नाही, आणि आपलाही चांगल्यात चांगला नाही. आपला वाईटात वाईट आकडा घ्यायचा. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे पाच-सहा वर्षांपूर्वी काढलेला आकडा आज थोडा कमी होणारच. तो जुना आकडा डोक्यात ठेवून निघालेली माणसं माझ्याकडे ‘गाडी अचानक जास्त खायला लागली’ म्हणून येतात.

वारा तर कोणी धरतच नाही. आपल्या तापीच्या खोऱ्यात पावसाळ्यात आणि त्याच्या आधी पश्चिमेचा वारा जोरात वाहतो; साक्रीच्या ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. जळगावहून धुळ्याकडे येताना तो समोरून छातीवर बसतो, धुळ्याहून जळगावला जाताना पाठीवर असतो. रस्ता तोच, गाडी तीच, माणूस तोच, आणि जाता-येताचं पेट्रोल वेगळं. स्कूटरला वाऱ्याविरुद्ध साठच्या पुढे दामटलं की फरक आणखी वाढतो. चाळीस-पंचेचाळीसच्या वेगाने चालवलं तर बराचसा वाचतो. घाटाचंही तसंच. चढताना गेलेलं पेट्रोल उतरताना सगळं परत मिळत नाही.

याला जोडून एक कळकळीची विनंती. पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करू नका. स्कूटर गिअरची नसते. इंजिन बंद झालं की क्लच सुटतो आणि इंजिनचा जो थोडा अटकाव मिळतो तोही जातो. सगळा भार ब्रेकवर येतो. लांब उतारावर ड्रम ब्रेक तापले की लिव्हर दाबूनही गाडी हवी तशी धरत नाही. शिवाय इंजेक्शनच्या बहुतेक गाड्या एक्सलेटर पूर्ण सोडून उतारावर चालत्या ठेवल्या तर तेवढ्या वेळात स्वतःच पेट्रोल तोडतात. म्हणजे बंद करून वाचतं ते अगदीच थोडं. चार घोट पेट्रोलसाठी घाटात हा धोका पत्करू नका, ताई.

आता तुमचाच आठवडा मांडू. टाकी 5.3. त्यातलं एक लिटर आपलं नाहीच असं समजा. उरलं 4.3, गुणिले 38, म्हणजे 163 किलोमीटर. तुमचं रोजचं जाणं-येणं 80. म्हणजे फुल टाकीत दोन दिवस बसतात, तिसरा बसत नाही. सोमवारी फुल टाकीने सुरुवात केली तर मंगळवारी संध्याकाळी, गुरुवारी संध्याकाळी आणि शनिवारी शाळा सुटून घरी येताना भरायचं. काट्याकडे बघायची गरज नाही, आठवड्याच्या वाराकडे बघा. वाटेत केंद्रशाळेवर बैठक निघाली, तालुक्याला जावं लागलं, तर ते जास्तीचे किलोमीटर राखीव लिटरातून जातात. त्या दिवशी मात्र घरी येताना भरायलाच हवं, वार कोणताही असो.

संध्याकाळी भरा म्हणतोय त्याला कारण आहे. सकाळी शाळेची घाई असते, पंपावर रांग दिसली की माणूस ‘येताना भरू’ म्हणून पुढे निघतो, आणि बंद पडलेल्या बहुतेक गाड्यांची कथा तिथूनच सुरू होते. ‘सकाळचं थंड पेट्रोल जास्त बसतं’ हे डोक्यातून काढा. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान सकाळ-संध्याकाळ फारसं बदलत नाही.

डोंगराकडे जाताना शेवटच्या खात्रीच्या पंपावर भरून निघायचं, हा नियम धडगावला लागू, तोरणमाळला लागू, चोपड्याहून सातपुड्यात शिरणाऱ्यालाही लागू. धुळे-जळगाव रस्त्यावर पारोळा, एरंडोल अशी गावं येतात, तिथे अर्ध्या टाकीवरही चिंता नाही. शहादा, म्हसावद सोडून वर निघालं की पुढच्या पंपाचा भरवसा धरू नये. पंप असला तरी वीज नसेल, टँकर आला नसेल, मोबाइलला रेंज नसल्याने पैसे जाणार नाहीत. पर्समध्ये दोनशे रुपये रोख वेगळे ठेवा. 2024 च्या जानेवारीत चालकांच्या संपाने पंपांवर रांगा लागल्या होत्या, तेव्हा ज्यांची टाकी अर्ध्याच्या वर होती त्यांना धावपळ करावी लागली नाही.

‘शंभरचं टाक’ या सवयीबद्दल. महिनाअखेर सगळ्यांच्याच घरी येते, त्यात कमीपणा नाही. पण आजच्या भावात शंभर रुपयांत पुरतं लिटरही येत नाही, त्यामुळे काटा कायम लालच्या आसपास फिरतो. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि त्याला थंड ठेवण्याचं काम पेट्रोलच करतं. टाकी सतत तळाला राहिली की पंप तापतो, तळाचा गाळ ओढतो आणि अवेळी जातो. तो बदलायचा खर्च शंभरच्या नोटांतून वाचलेल्या कशाहीपेक्षा जास्त आहे. पगार झाला की एकदा फुल करा आणि पुढे जे शंभर-दोनशे टाकायचे ते वरचा अर्धा भाग भरत ठेवायला टाका. महिन्याचं पेट्रोल तेवढंच जळतं.

फुल म्हणजे काठोकाठ मात्र नव्हे. पेट्रोल तापलं की फुगतं, पाच लिटर वीस अंशांनी तापलं तर जवळपास शंभर मिलिलिटर जागा मागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि गाडी शाळेच्या पटांगणात उन्हात उभी असते. काठोकाठ भरलेलं पेट्रोल मग बाहेर झिरपतं, किंवा नव्या गाड्यांत वाफ पकडणाऱ्या डबीत शिरून तिलाच बिघडवतं. ऑटो कट झाल्यावर ‘अजून थोडं, राउंड फिगर करा’ म्हणू नका. गाडी लिंबाच्या सावलीत लावा.

डिकीत बाटलीभर पेट्रोल ठेवू का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. नको. प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल द्यायला पंपांना मनाई आहे आणि ती योग्यच आहे. डिकीच्या खाली तापलेलं इंजिन असतं, वर तुम्ही बसलेल्या असता. घाटातल्या पाड्यांवर किराणा दुकानात बाटलीतलं पेट्रोल मिळतं. अडल्या वेळी अर्धा लिटर घ्या, पण बाटली उजेडात धरून तळाला पाणी किंवा गाळ दिसतो का ते बघा आणि तळाचं दोन बोटं बाटलीतच राहू द्या. त्यावर रोजचा हिशेब बांधू नका.

अ‍ॅव्हरेज एकाएकी पाच-सातने उतरलं तर आधी चाकाची हवा बघा; मागे कोणी बसत असेल तर मागच्या चाकात जास्त हवा लागते, आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो. मग डबल स्टँडवर मागचं चाक हाताने फिरवून ब्रेक घासतोय का बघा. आपल्या धुळीत एअर फिल्टरही पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधीच भरतो. तो कागदी असेल तर हवा मारून साफ करू नका, बदला.

एवढं करूनही कधी बंद पडलीच तर गाडी वळणावरून बाजूला घ्या, सपाट जागी डबल स्टँडवर उभी करा. झाकण एकदा उघडा, आवाज ऐका, लावा. चावी ऑन करून कान द्या: टाकीतून दोन-तीन सेकंद ‘झूं’ आवाज यायला हवा. आवाजच नसेल तर दोष पेट्रोलचा नाही, फ्यूज किंवा पंपाचा आहे. सेल, म्हणजे स्टार्टरचं बटन, मारत बसू नका. आवाज येत असेल तर गाडी दोन्ही बाजूंना हलवून टाकीत खळखळ ऐकू येते का बघा. पेट्रोल घातल्यावर लगेच बटन दाबू नका. चावी ऑन, आवाज थांबेपर्यंत थांबा, ऑफ. असं तीनदा करा, म्हणजे नळीतली हवा निघून दाब तयार होतो. मग स्टार्ट करा, एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त सेल नको, मध्ये थोडा दम घ्या. सुरू झाली की शाळा जवळ असली तरी आधी भरवशाचा पंप गाठा, आणि तिथे फुल करताना किती लिटर बसलं ती पावती जपून ठेवा. पुढे गॅरेजमध्ये ती लागेल.